कोट सुकायच्या आधी

माणसाला किती घाई असते हे बघायचं असेल तर रंगाच्या दुकानात येऊन बसावं. मानोऱ्याच्या बाजारात माझं दुकान आहे. "आज लावलं तर उद्या पाहुणे आत घेता येतील ना?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता उत्तर देण्याऐवजी मी चहा मागवतो. चहा पिऊन माणूस थोडा थंड होतो. डब्यावर काय लिहिलं आहे ते वाचायची तसदी कोणी घेत नाही, आणि रंग फुगला की शिव्या मात्र दुकानदाराला.

या सगळ्या घाईखोरांत राजपाल राठोड हा एकटा निवांत माणूस. आला की आधी काउंटरच्या कडेला टेकायचा, डबा हातात घेऊन हलवून बघायचा, उन्हात धरायचा. कोणता माल कधीचा आहे ते विचारायचा. मला त्याचा रागही यायचा. पण त्याने लावलेला कोट उखडला असं मी कधी ऐकलं नाही.

कोट म्हणजे फरशीवरचा. मानोरा आणि इंझोरीच्या मधे, रस्त्यापासून थोडा आत त्याचा तांडा. बाप भाऊसिंग साइटवर मजुरी करायचा, राजपालही पोरवयात त्याच्यामागे पुण्याला गेला आणि तिथे रंगीत काँक्रीटच्या फरश्यांचं काम शिकला. सिमेंटच्या ओल्या थरात रंग घोटायचा, वर रबराचे साचे दाबून दगडाची नक्षी उठवायची. बघणाऱ्याला वाटावं, घडीव दगडच बसवले आहेत. पण ही फरशी उघडी ठेवली तर स्पंजासारखी सगळं पिते. तेल सांडलं, हळद सांडली, की डाग जन्माचा. म्हणून ती सुकली की तिच्यावर पारदर्शक कोट मारायचा. राजपाल मुख्यतः हे कोटाचं काम करायचा. "घालनारे बम हायेत काकाजी," तो म्हणायचा, "राखनारे कमी." हे बोलताना तो हसायचा नाही. एकूणच तो कमी हसायचा.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. भाऊसिंग पुण्यातच वारला, एका मोठ्या इमारतीच्या कामावर, मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत. सकाळी तिथे स्लॅबचं काम होतं. मढं हलवा, असा वरून निरोप आला. मुकादमाने रेतीच्या ढिगाशेजारी, रस्त्याच्या कडेला जागा दाखवली, आणि तिथेच बापाला पाणी पाजून लोकांनी उचललं. तांड्यात आणायला गाडी मिळाली नाही. राजपालने हे मला दुकानात बसून सांगितलं, आवाज न चढवता. "ज्या बिल्डिंगीतल्या फरश्या आमी केल्या, तथी त्याले घटकाभर टेकू नाई देल्लं," एवढं म्हणाला आणि ब्रशचे केस मोजल्यासारखे चाचपत राहिला. मी चहा मागवला.

मी सांगतो आहे त्या वर्षी त्याला पुण्याला जायचं नव्हतं. आमच्याकडे दिवाळी झाली की तांडे रिकामे होतात. ऊसतोडीच्या गाड्या येतात, साइटच्या गाड्या येतात, भांडी-अंथरुणं, कोंबड्या, लेकरं सगळी त्यात चढतात. राजपालची मुलगी निता दहावीत होती. आतापर्यंत ती आजीजवळ, कमलीबाईजवळ, राहून शिकली. कमलीबाई उन्हाळ्यात गेली. आता पोरीला ठेवायचं कोणाजवळ? सोबत नेली की शाळा संपली, साइटवर स्वयंपाक सुरू, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी स्थळ घेऊन येणार हे ठरलेलं. राजपालची बायको सुकेशनी त्याला एकच म्हणायची, "यंदा गाडीत नाई बसाचं."

गाडीत बसायचं नसेल तर इकडे काम हवं. आणि काम होतं. शिरपूरला एका धर्मशाळेचं बांधकाम चालू होतं. मोठा हॉल, ओवऱ्या, अंगण, सगळीकडे रंगीत काँक्रीट करायचं होतं. उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं काम. त्याचा ठेकेदार भिवाजी माझं गिऱ्हाईक. मी राजपालचं नाव काढलं तर तो म्हणाला, "पुन्याचे फोटो सगळ्यायच्याच मोबाइलात असतात. इकडचं एखादं काम दाखवा, डोळ्यानं पायतो आन् देतो."

इकडे राजपाल पावसाळ्यात किरकोळ ओटे-गच्च्याच करायचा, म्हणजे सगळं एका फरशीवर आलं. ती फरशी इंझोरीच्या भागवतच्या घरी होती.

भागवत सोयाबीन-तुरीचा शेतकरी, हात राखून खर्च करणारा पण हौशी. जुनं मातीचं घर पाडून त्याने नवं बांधलं होतं. घरचे सगळे तेवढ्यापुरते अंगणातल्या टिनाच्या शेडमधे राहत होते. त्याला बैठकीत चकचकीत टाइल्स हव्या होत्या. आडवा आला त्याचा बाप, जानराव. म्हातारा कारंज्याला लेकीच्या घरी टाइल्सवरून घसरला होता आणि तेव्हापासून काठी घेऊन चालत होता. "मले आरसा नाई पायजे," तो भागवतला म्हणाला, "पायाले धरनारी भुई पायजे." बापलेक भांडून भांडून माझ्या दुकानात आले, तेव्हा मी राजपालला बोलावलं.

राजपालने म्हाताऱ्याला विचारलं, "रंग कोनता पायजे, आबाजी?"

जानराव म्हणाला, "आमची जुनी भुई होती ना, तिचा."

आता सारवलेल्या भुईचा रंग कोणत्या डब्यात मिळतो? राजपालने फळीवर तुकडे करून करून आणले. एक लाल व्हायचा, एक काळपट. निवाडा करायला जानरावची बायको सोजरबाई. जन्मभर तिने ती भुई सारवली होती. तुकडा हातात घ्यायची, "हे आमचं नोहे," म्हणून परत द्यायची. शेवटी एक तुकडा तिने परत दिला नाही, नुसता अंगठ्याने पुसत राहिली, आणि तो रंग ठरला. तरी तिची कुरकुर होतीच. "शेनाचा हात लागत नाई, पानी पेत नाई, अशी कशी भुई बापा?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

फरशी घातली, साचे दाबले, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली. सिमेंटच्या पोटातली ओल जाईपर्यंत थांबायचं. त्याआधी कोट मारला की ओल खाली कोंडते आणि कोट पांढरा पडून सुटतो. भागवतला थांबणं जमेना. वर कोरडी दिसते ना, मग? राजपाल रोज संध्याकाळी प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारी बाजूंनी चिकटवायचा. सकाळी उचलला की खाली घामासारखे थेंब. भागवत मला फोन करून चिडायचा. मी काय सिमेंटच्या पोटात शिरून बघू?

राजपालच्या बाजूने उभा राहिला तो जानराव. म्हाताऱ्याने दाराशी खुर्ची टाकलेली असायची. प्लॅस्टिक उचललं की तो वाकून बघायचा आणि पोराला सांगायचा, "वापसा नाई आला अजून. बिन वापशाचं पेरते का कोनी?" पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी, अशी नेमकी होते तेव्हाच पाभर घालायची, हे ज्याने आयुष्यभर पायाने ओळखलं, त्याला प्लॅस्टिकखालचे थेंब समजावून सांगावे लागले नाहीत. पुढे पुढे तर दोघं सकाळची वाट बघू लागले. म्हातारा दाराबाहेर खुर्चीत, राजपाल उंबऱ्यावर उकिडवा. बोलणं फारसं नाही. एकदा मी गेलो तेव्हा जानराव त्याला त्याच्या बापाबद्दल विचारत होता आणि राजपाल सांगत होता. मला सांगायला त्याने इतकी वर्षं घेतली, म्हाताऱ्याला महिन्याच्या आत सांगितलं. मला थोडं लागलंच ते.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी प्लॅस्टिकखाली थेंब नव्हता. राजपाल आणि सुकेशनीने फरशी धुतली, पुसली, वाळवली, पहिला कोट मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा, जाड, दोन डब्यांतलं मिसळून करायचा तो कोट. हा लावला की पूर्ण एक दिवस माणसाने पाय ठेवायचा नाही. तोवर तो गुळाच्या पाकासारखा चिकट असतो. कोट मारत मारत दोघं मागे सरकत दारातून बाहेर आले. कुत्रं-मांजर, लेकरू आत जाऊ नये म्हणून राजपालने दारात आडवी दोरी बांधली. परवा भिवाजी बघायला येणार होता.

जानराव खुर्चीतून बघत होता. आत जुन्या घरासारखी भुई होती, फक्त नुकतं सारवल्यासारखी ओली दिसणारी. तो म्हणाला, "कधी पाय ठेवू?"

"उद्या, आबाजी. पयलं पाऊल तुमचंच."

दुपारी जेवून म्हातारा शेडमधे आडवा झाला आणि छातीत कळ आली. भागवतने गाडीत घालून दवाखान्याकडे नेला, पण मानोरा यायच्या आतच सगळं संपलं होतं. मला निरोप आला तसं मी शटर ओढलं आणि इंझोरीला गेलो.

अंगणात गाव जमलं होतं. मढं अजून गाडीतच होतं. ते ठेवायचं कुठे, यावर सगळे अडले होते. भागवतचे मामा म्हणाले, शेडमधे ठेवा. शेडमधे खाट, धान्याची पोती आणि चूल, चार माणसं धड उभी राहत नव्हती, तरी सगळ्यांना तेच सोयीचं वाटत होतं. नव्या घराची वास्तुशांती व्हायची होती. घरात पहिलं जाणार ते मढं? असं कोणी करतं का? आणि जो वास्तूवर बोलायचं टाळत होता तो फरशीकडे बोट दाखवत होता.

सोजरबाई अंगणात मातीवर बसली होती. रडणं थांबवून तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यायचं घर हाय. त्यायच्या दारातून निंगतीन ते. शेडातून मी नाई नेऊ देत."

मामांनी समजावलं. तिच्या नणंदेने, जानरावच्या बहिणीने, समजावलं. भागवतची बायको निकिता जवळ बसून "माय, ऐका ना" म्हणत होती. सोजरबाई पुन्हा तेच वाक्य बोलली. तेव्हा मामा राजपालकडे वळले. तो कोपऱ्यात, आपल्या बादल्यांजवळ उभा होता.

"सांग रे बावा तूच मायले. फरशी ओली हाय ना? नास होते ना सगळा?"

त्याने फक्त 'हो' म्हणायचं होतं. ते खरंही होतं. त्याच्या एका 'हो'ने मामांची सुटका होत होती, भागवतची होत होती, सगळ्या गावाची होत होती, आणि त्याची स्वतःची फरशी वाचत होती. परवाचा भिवाजी माझ्या डोळ्यांसमोर होता. मी मनातल्या मनात म्हणालो, बोल बाबा, 'हो' म्हण. आजही मला त्यात काही वाईट वाटत नाही. मेलेल्या माणसाला काय शेड आणि काय बैठक, पण नितापुढे अख्खा जन्म पडला होता.

राजपालने सुकेशनीकडे पाहिलं. ती दाराजवळ उभी होती. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि वळून दारातली दोरी सोडायला लागली. गाठ त्याने पक्की मारली होती. दातांनी सोडावी लागली.

मग राजपालने चपला काढल्या आणि तो आत गेला. प्रत्येक पावलाला फरशीतून पाय सुटल्याचा चिकट आवाज आला. तो आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. पलीकडच्या भिंतीजवळ जाऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "आना आत. डोकं इकडं घ्या, माह्याकडं."

तो आधी गेला म्हणून बाकीचे गेले. म्हाताऱ्याला आणलं, चटईवर ठेवलं. सोजरबाई उशाशी बसली. राजपाल तिथेच, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. उचलेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग अख्खं गाव आत आलं आणि बाहेर गेलं. बायका, म्हातारे, पोरं, शेजारच्या गावचे पाहुणे. कोणाचे पाय चिकटत होते, कोणी खाली बघून "अरे बापा" म्हणत होतं, पण मागे कोणी फिरलं नाही. दिवस मावळायच्या आत जानराव आपल्या घराच्या दारातून निघाला.

मागे राहिलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे जागा पाण्याने धुतली. ओल्या कोटावर पाणी पडलं की तो ताकासारखा पांढरा होतो, हे त्यांना कोण सांगणार? डोक्याच्या बाजूला, भिंतीलगत ज्वारीचं पीठ पसरलं, त्यावर दिवा लावला आणि वर बांबूचं डालं पालथं घातलं. आमच्याकडे सकाळी डालं उचलून बघतात. पिठात चिमणीचं पाऊल दिसलं तर जीव चिमणीत गेला, खूर दिसला तर वासरात. बहुतेकदा काहीच धड दिसत नाही आणि ज्याला जे बघायचं ते तो बघतो.

सकाळी मी पुन्हा गेलो. नणंदेने डालं उचललं आणि ती ओरडलीच. पिठात माणसाचं पाऊल होतं. टाच, तळवा, पाची बोटं, कोणालाही दिसावं असं. "मानसात येऊन राह्यला माहा भाऊ," म्हणून ती रडायला लागली, या वेळी आनंदाने. बायकांनी वाकून नमस्कार केले. भागवत, इतका व्यवहारी माणूस, तोही गुडघ्यावर बसला. सोजरबाईने मात्र नमस्कार केला नाही. ती त्या पावलाकडे एकटक बघत राहिली.

दारात उभ्या राजपालचा चेहरा मी पाहिला. तो मला बाजूला घेऊन गेला.

"काकाजी, तो पाय माहा हाय."

मला कळेना. त्याने सांगितलं. तो जिथे उभा होता ती हीच जागा. पाय उचलला तेव्हा तळव्याखालचा कोट पायासोबत निघून आला होता. आजूबाजूच्या चिकट कोटात पीठ रुतून बसलं, आणि त्या उघड्या जागी ते कोरडं, पांढरं राहिलं. बस्स, एवढंच.

"गप राह्य," मी म्हणालो. "घरात कालच मयत झालं. त्यायले तेवढाच आधार."

त्याने ऐकलं, पण जाताना दोनदा वळून त्या पिठाकडे बघितलं.

भिवाजी ठरल्या दिवशी आला. दारातूनच त्याने फरशी पाहिली. ती फरशी राहिली नव्हती. पावलांवर पावलं, चटईची वीण उठलेली, पाणी पडलं तिथे पांढरे पट्टे. मी त्याला सगळं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने राजपालच्या खांद्यावर हात ठेवला. पण म्हणाला, "मले समजते. पन धर्मशाळेवाल्यायले मी काय दाखवू? त्यायले दिवाळी झाली की काम सुरू पायजे." काम अकोल्याच्या माणसांना गेलं.

तेरवी झाल्यावर राजपालने ती सगळी फरशी घासून काढली. मशीनची धूळ नाकातोंडात जात होती, सुकेशनी पाणी मारत होती. तिकडे तांड्यात लोक सामान बांधायला लागले होते. पूर्ण बैठक त्याने पुन्हा पहिल्या कोटापासून केली आणि यावेळी ती खरंच सुंदर झाली. फक्त भिंतीजवळची हातभर जागा तशीच ठेवली, कारण सोजरबाई म्हणाली, तिथे मशीन लावायचं नाही. ती रोज संध्याकाळी तिथे दिवा ठेवायची. सकाळी फूल ठेवायची.

हे राजपालला सहन होईना. जेवण जाईना त्याला. "काकाजी, माह्या पायाले फूल वाहून राह्यली ती बुढी," तो म्हणाला. "आबाजीच्या नावानं. पाप लागते मले. मी जाच्या आधी सांगून टाकतो. तुमी चाला संग." मी नको नको म्हणालो आणि गेलो. एकट्याने ते त्याच्याने झालं नसतं.

गाडी यायच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. सोजरबाई त्याच जागेजवळ भिंतीला टेकून बसली होती. राजपाल तिच्यासमोर खाली बसला. मग म्हणाला, "माय, मी खोटा झालो. हा पाय आबाजीचा नोहे. माहा हाय."

मी सोजरबाईकडे बघत होतो. आता ही कोसळेल, असं मला वाटलं. ती हललीही नाही.

"मले का ठाऊक नाई?" ती म्हणाली. "त्या दिवशी मी अथीच तर बसली होती. रडनाऱ्या बाईची मान खालीच असते, बापा. दिवस मावळेपर्यंत तुया पायच पाहून राह्यली होती मी."

राजपालने डोकं वर केलं.

"माहा भाऊ नाई म्हने, माही नणंद नाई म्हने, पोटचा लेक चूप. एवढ्या मोठ्या गावात त्यायले घरात घ्याले कोनाचा पाय पुढं झाला? म्हनून दिवा लावतो मी. ज्याचा हाय त्यालेच लावतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'लावतो', 'करतो' असंच बोलतात. "आता याच्यावर तुया तो कोट मार. पुसून नाई जाले पायजे."

राजपाल रडला. बापाचं सांगताना न रडलेला माणूस, हुंदके देऊन रडला. मीही डोळे पुसले, त्यात लाजायचं काय? मग उठून त्याने बादली आणली, ती जागा स्वच्छ केली आणि गुडघ्यांवर बसून स्वतःच्या पावलावर कोट मारला. सोजरबाई बघत होती. त्याचा ब्रश थांबला तशी ती म्हणाली, "पोरगी कितवीत हाय तुही?"

"दाव्वीत."

"तिले संग नेऊन राह्यला?"

"कोनापाशी ठेवू, माय?"

"मी मेली काय?"

एवढंच बोलणं झालं. मी भागवतकडे पाहिलं. तो दारात उभा होता. त्याने मान हलवली आणि निकिताला हाक मारून आतली लहान खोली रिकामी करायला सांगितलं. गावात कुजबुज झाली. तांड्याची पोर पाटलासारख्या घरात कशी, वगैरे. ती व्हायचीच. मयताच्या दिवशी दारात अडलेली तोंडं होती ती, मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याची गाडी इंझोरीवरून जाताना भागवतच्या घरासमोर थांबली. निता दप्तर आणि एक गाठोडं घेऊन उतरली. सुकेशनी वरूनच तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती, गाडी सुटेपर्यंत तिने हात काढला नाही. राजपाल खाली उतरला नाही. उतरला असता तर परत चढला नसता.

गाडी गेल्यावर पोरगी बैठकीच्या दारात येऊन उभी राहिली. चपला काढल्या, आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. बापाने केलेल्या कोणत्याच फरशीवर तिने कधी पाय ठेवला नव्हता. काम झालं की त्या घरात जायचं नसतं, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"आजी," तिने आतल्या सोजरबाईला विचारलं, "येऊ काय आत?"

सोजरबाई भिंतीला धरून उठली आणि तिचा हात धरायला दारापर्यंत आली.